किळस आणि कर्तव्य

क्षयरोगाचा जंतू डॉ. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढला. आज नवी यंत्रे आली आहेत. तथापि रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा सेवक अनेक सरकारी दवाखान्यांत अद्यापि आहे. डबीचे झाकण उघडताच त्याचे मन विटते. परंतु नुसत्या लाळेत जंतू सहसा सापडत नाहीत; ते सापडतात दाट, पुवासारख्या भागात. ज्या भागावरून दृष्टी पळते, नेमका तोच त्याला काडीने वेचून घ्यावा लागतो.

किळस येणे हा दोष नव्हे, तो देहस्वभाव आहे. किळसेपोटी कामात कुचराई करणे हा मात्र अधर्म होय. कारण जंतू नजरेतून निसटला, तर रोगी निर्धास्त होऊन घरी जातो आणि त्याच्या खोकल्यातून मुलाबाळांना रोग जडतो.

अकुशल कर्माचाही जो द्वेष करीत नाही तो त्यागी, असे गीतेच्या अठराव्या अध्यायाचे सांगणे आहे. येथे त्याग करावयाचा तो कर्माचा नव्हे, द्वेषाचा.

गृहस्थानेही हे ध्यानी धरावे. असा सेवक दारी आला असता त्याच्या हातचा पेला निःशंक मनाने घेता येणे, ही गृहस्थाची परीक्षा आहे.