कुणीकडं निघालीस एकटीच?

वैरागच्या स्टँडवर हा प्रश्न विचारणारं माणूस वाईट नसतं. बहुधा ओळखीचंच असतं आणि काळजीनंच विचारतं. 'कुणीकडं' याला उत्तर सोपं आहे. बार्शी, सोलापूर, मोहोळ, तुळजापूर. अडतं ते 'एकटीच' या शब्दापाशी, कारण तिथं गाव विचारलेलं नसतं, निमित्त विचारलेलं असतं. दवाखाना, परीक्षा, बाजार, माहेर, देव, यांतलं एक सांगितलं की विचारणारा निर्धास्त होतो आणि आपणही सुटतो.

गेल्या हिवाळ्यात मी एका सकाळी स्टँडवर उभी होते तेव्हा यांतलं एकही माझ्याकडं नव्हतं. मला मंगळवेढा बघायचा होता. आमच्याच जिल्ह्यातलं गाव. दामाजीपंतांचं, चोखोबांनी जिथं देह ठेवला ते, कान्होपात्रेचं. चाळिशी उलटली तरी मी ते पाहिलेलं नव्हतं. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याची बाटली होती. मोहोळला गाडी बदलायची होती. जाऊन-येऊन तिकिटाचा खर्च दोनशे रुपयांच्या आत.

इतक्या कमी पैशांत हे जमलं, कारण 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीवर कुरकुर बरीच झाली. गाड्या बायकांनी भरून जातात, बायका विनाकारण फिरतात, असं आमच्याकडंही बोललं गेलं. मला या कुरकुरीतला 'विनाकारण' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पुरुष पारावरून उठून बार्शीला चहा प्यायला गेला तर त्याला कुणी विनाकारण म्हणत नाही. बाईचं तिकीट अर्धं झालं, तिच्याकडून वसूल होणारं निमित्त मात्र पूर्ण राहिलं.

हे निमित्त आपण फार पूर्वीपासून मागत आलो आहोत. रात्री गडाचे दरवाजे बंद झाल्यावर रायगडाचा कडा एकटीनं उतरणारी हिरकणी आपल्या कथेतली सगळ्यात धाडसी बाई. पण तिचं धाडस आपल्याला चालतं, कारण घरी तान्हं बाळ होतं. एसटीनं निमआराम गाडीला तिचं नाव दिलं, स्टँडवरच्या स्तनपानाच्या खोलीलाही तिचंच दिलं. बाळ नसतं आणि तिला फक्त चांदण्यात कडा उतरून बघायचा असता, तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का? कान्होपात्रा मंगळवेढ्याहून वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट धरते, ते विठ्ठलासाठी. बिदरच्या बादशहाचे शिपाई न्यायला आले तेव्हा विठ्ठलाच्या पायांशिवाय तिला दुसरा आसरा उरला नाही, असं कथा सांगते. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अठराव्या वर्षी नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या, त्यामागं डॉक्टरकीचं शिक्षण होतं. या तिघींच्या मोठेपणाला यानं काही उणं येत नाही. पण प्रत्येकीला वाट मिळाली ती प्राणाच्या मोलाच्या कारणाबद्दल. साधी हौस त्या काट्यावर कधी भरलीच नाही.

निमित्ताची किंमत मी ओळखून आहे. माझी आत्या शेवटपर्यंत सही करायलाही अडखळायची. पण तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट तिनं किती वेळा केलं याची गणती नाही. म्हातारपणी तर ती एकटीच जायची. देव हे निमित्त होतं असं तिच्यासमोर म्हटलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. तिची श्रद्धा खरी होती. तरी परत आल्यावर ती आम्हाला आईच्या दर्शनाचं सांगायची दोन वाक्यांत आणि वाटेचं सांगायची दोन दिवस. कुठं पाऊस लागला, कुणाच्या सुनेनं पाणी दिलं, कुठल्या फाट्यावर नवी पत्र्याची शेड झाली. महाराष्ट्रातल्या लाखो बायकांनी डोक्यावर तुळस घेऊन प्रवासच केला आहे, अगदी कमी पैशांत केला आहे. वारीत बाईला सोबत शोधावी लागत नाही, वाटच सोबत असते. इरावती कर्वे दिंडीतून चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' लिहिलं, ते वाचताना मला आत्या आठवते.

म्हणून वारीचा आधार काढून घ्या असं मी म्हणत नाही. ती मोकळीक देवाच्या वाटेपुरतीच का, एवढंच विचारते.

मुंबईच्या रस्त्यांवर वावरणाऱ्या बायकांचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. बाईला सार्वजनिक जागेत काही काम आहे असं सतत दाखवत राहावं लागतं आणि विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हाच खरा नागरिकत्वाचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. मुंबईत काम दाखवायला पर्स आणि फोन लागतो, वैरागला दवाखान्याची फाइल किंवा ओटीची पिशवी. फरक तेवढाच.

आता पैशाकडं येते, कारण 'स्वस्तात प्रवास' हा शब्द बाई आणि पुरुष यांना एकाच अर्थानं लागू पडत नाही. पुरुषाला पैसे वाचवायचे असतील तर तो अंगाला तोशीस लावून घेतो. रात्रीची गाडी धरतो, म्हणजे लॉजचे पैसे वाचतात. फलाटावर पेपर अंथरून पाठ टेकतो. फाट्यावर उतरून मिळेल त्या वडाप जीपनं जातो. बाईची तोशीस सोसायची तयारी त्याच्यापेक्षा जास्त असते, आमच्याकडच्या खुरपणीला जाणाऱ्या कुठल्याही बाईला बघा. पण जिथं जिथं पैसे वाचतात, तिथं तिथं तिला धोका आहे. म्हणून ती उजेडातली गाडी धरते, महागडं हॉटेल बघते, स्टँडवरून रिक्षा करते. अर्ध्या तिकिटात वाचलेले सगळे पैसे एका मुक्कामात जातात.

आणि पैसे मोजले तरी मुक्काम मिळतोच असं नाही. काही वर्षांपूर्वी एका तीर्थक्षेत्री मी संध्याकाळी भक्तनिवासात खोली मागितली. खोल्या रिकाम्या होत्या. "सोबत कोण आहे?" मी "कुणी नाही" म्हटलं. एकट्या बाईला खोली देत नाहीत, असं उत्तर आलं. तसं ते अनेक ठिकाणी येतं, पुष्कळदा एकट्या पुरुषालाही. बाहेर पडलेला पुरुष ओसरीवर निजू शकतो, हा त्यातला भेद. मी ती रात्र स्टँडवर भाजीची गाठोडी घेऊन पहाटेच्या गाडीची वाट बघणाऱ्या तीन बायकांजवळ बसून काढली. त्यांनी मला कारण विचारलं नाही. सरकून जागा दिली आणि आळीपाळीनं झोपायचं ठरवलं.

रेल्वेच्या कायद्याला ही रात्र माहीत आहे. 1989 च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम 139 प्रमाणं पुरुष सोबत नसलेल्या बाईला, तिच्याकडं तिकीट नसलं तरी, वाटेल त्या स्टेशनावर उतरवता येत नाही. ती जिथून बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, आणि तेही दिवसाच. म्हणजे कुर्डुवाडी जंक्शनला उतरवता येईल, मधल्या अंधाऱ्या ठिकाणी नाही. कायदा करणाऱ्यांनी एकट्या बाईची कल्पना केली आणि तिला घरी बसा असं न सांगता गाडीत बसू दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. एसटीलाही मुक्कामी गाडी माहीत आहे. रात्री गावात थांबणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरची सोय कुठंतरी करावी लागतेच. मग प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवर बायकांसाठी एक कडी लागणारी, दिवा असलेली, न तुंबलेला संडास असलेली खोली आणि रात्रपाळीला एक बाई कर्मचारी, एवढं आपल्याला का सुचू नये? देवस्थानांनी आधारकार्ड बघून एकटीला खोली द्यावी, एवढ्यासाठी काय लागतं?

25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणला निघालेल्या एका तरुणीवर उभ्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाल्याची तक्रार आली. त्या आठवड्यात आमच्याकडच्या कितीतरी मुलींचं पुण्याहून एकटीनं येणं बंद झालं. आईबापांच्या भीतीला मी खोटं म्हणत नाही, माझ्याही घरात ती आहे. पण अशा प्रत्येक घटनेनंतर स्टँड सुधारण्याआधी मुलीचं तिकीट रद्द होतं, आणि ती कमी झाली की स्टँडवर उरलेली दुसरी मुलगी आणखी एकटी पडते. स्टँडवर बायका जितक्या जास्त, तितकी प्रत्येकीला सोबत जास्त. भक्तनिवासानं नाकारलं त्या रात्री स्टँडवर त्या तिघी नसत्या तर मी काय केलं असतं?

एसटीच्या एका जुन्या पासचं नाव 'आवडेल तेथे प्रवास' आहे. 1988 पासून तो मिळतो, आता चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. कारणाचा रकाना नसलेलं इतकं सुंदर नाव कुणी ठेवलं असेल! मीना प्रभूंनी देशोदेशी हिंडून पुस्तकं लिहिली, पुष्कळदा एकटीनं. बघायचंय म्हणून निघालेली बाई मराठीत त्यांनी ठळकपणे उभी केली. त्या लंडनमध्ये डॉक्टर होत्या, त्यांच्याकडं साधनं होती. मला तीच मोकळीक लाल गाडीच्या अर्ध्या तिकिटावर हवी आहे.

मंगळवेढ्यात मला एक रात्र राहावंसं वाटत होतं. राहिले नाही, तीनच्या सुमाराची गाडी धरली. शेजारी कापसाची वेचणी करून परतणारी बाई बसली होती. पिशवीकडं बघत म्हणाली, "देवाला गेलता काय वो ताई?"

"नाही," मी म्हटलं, "गाव बघायला गेले होते."

ती जरा वेळ गप्प बसली. मग कडेची खिडकी वर सारून माझ्याकडं वळली. "मग काय काय बघितलं?"

मोहोळ येईपर्यंत मी तिला सांगत होते.