किती वाजले?

निवांत बसा. हे एका दमात वाचून संपवायचं नाही. परिच्छेद संपला की थोडं थांबा. मन इकडेतिकडे जाईल, जाऊ द्या. मग त्याला परत या मुलाजवळ आणा.

मुलाचं नाव अनुज बिडवे. पुण्याचा, वय २३. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात तो मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेला होता. २०११ च्या नाताळच्या सुट्टीत मित्रमैत्रिणींबरोबर मँचेस्टरला आला होता.

आता तुमच्या ओळखीतला, असाच शिकायला लांब गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आठवा. निघताना बॅगेचं वजन पुन्हापुन्हा करून पाहिलेलं, भाजणीचा डबा ठेवायचा की जाड स्वेटर यावरून घरात वाद झालेला, बँकेच्या कर्जाचे कागद, विमानतळाच्या काचेपलीकडून हललेला हात. अनुजच्या घरी नेमकं काय झालं असेल हे आपण ठरवू नये. पण अशी घरं आपण पाहिली आहेत. त्या घरांतली आशा किती कष्टाने उभी राहिलेली असते, ते जरा आठवा.

इंग्लंडमध्ये २६ डिसेंबरला दुकानांचे मोठे सेल लागतात आणि पहाटेपासून रांगा असतात. त्यासाठी हॉटेलातून ही मुलं मध्यरात्रीनंतरच पायी निघाली. मँचेस्टरला लागूनच सॅल्फर्ड आहे. तिथल्या ऑर्डसॉल लेनवरून ती शहराच्या दिशेने चालली होती. सुमारे दीडच्या वेळेला दोन अनोळखी तरुण त्यांच्याजवळ आले. त्यांतल्या एकाने किती वाजले असं विचारलं आणि पिस्तूल काढून अगदी जवळून अनुजच्या डोक्यात गोळी झाडली. ओळख नव्हती, भांडण नव्हतं, काही हिसकावून घेतलं नाही.

इथे घाई करू नका. रस्त्यात कुणी वेळ विचारली तर आपण विचार न करता मनगट वळवतो. समोरचा कोण आहे, कुठला आहे, काही पाहत नाही. दोन अनोळखी माणसांमधला इतका साधा विश्वास त्याने खून करायला वापरला. हे मनात आलं की छातीत काहीतरी आवळतं. ते सैल करायची धडपड करू नका. श्वास चालू ठेवा, एवढंच.

मग एक प्रश्न वर येईल. माझ्याही मनात येतो. एवढ्या रात्री कशाला बाहेर पडायचं? त्याला लागून दुसरा: मुळात इतक्या लांब पाठवायचंच कशाला? मग कुणीतरी म्हणतं, ते भाग चांगले नसतातच. पारावर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत ही वाक्यं आपण ऐकली आहेत, बोललोही आहोत. ती दुष्टपणाने बोलली जात नाहीत. गेलेल्याची एखादी चूक सापडली, तर ती चूक न करणारं आपलं मूल सुरक्षित आहे, असं वाटतं. भीतीला कुठेतरी टेकायचं असतं आणि ती टेकते मेलेल्या मुलावर. तो प्रश्न ओठांवर आला असेल तर परतवून लावू नका. फक्त त्याच्याकडे नीट पाहा. त्याचं ओझं कुणाच्या अंगावर पडतं आहे? २३ वर्षांचा मुलगा सुट्टीत मित्रांबरोबर रस्त्याने चालला होता. यात चूक शोधायची जागाच नाही, असं मी अगदी ठामपणे मानतो.

चूक मारणाऱ्याची. त्याचं वय तेव्हा २० होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. न्यायालयात त्याने स्वतःचं नाव ‘सायको’ असं सांगितलं होतं. मनोविकारामुळे आपली जबाबदारी कमी ठरते, हा त्याचा बचाव ज्युरीने मानला नाही. जुलै २०१२ मध्ये मँचेस्टरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. किमान ३० वर्षं तुरुंगात राहावं लागेल अशी. वंशद्वेषाची शक्यता पोलिसांनी सुरुवातीपासून धरली होती. पण अनुजच का, याचं मनाला पटेल असं उत्तर खटल्यातून आलं नाही. राग येऊ द्या. तो योग्य जागी आहे.

आता लक्ष पुण्याकडे न्या. तिकडे रात्रीचा दीड, तेव्हा इथे सकाळचे सात. सोमवार होता. बातमी घरी पोचली ती पोलिसांकडून नाही, फेसबुकवरून. मँचेस्टरच्या पोलिसांनी त्याबद्दल नंतर माफी मागितली. आपण रोज सहज बोटाने वर सरकवतो त्या पडद्यावर, वाढदिवस आणि सहलींच्या फोटोंच्या मधे, कुणाच्या मुलाचं मरण आलं. या कुटुंबासाठी प्रार्थना करत असाल तर आत्ता करा. नसाल करत, तर नुसते त्यांच्याबरोबर थांबा. सांत्वनाचे शब्द शोधत बसू नका.

सॅल्फर्डमधल्या ऑर्डसॉल या वस्तीतल्या लोकांचाही विचार करायला हवा. अनुजला ते ओळखत नव्हते. तरीही जानेवारीच्या थंडीत मेणबत्त्या घेऊन ते त्याच्यासाठी जमले, फुलं ठेवली. मारणारा त्यांच्यातलाच होता, हे त्यांना कसं झेपलं असेल? एका माणसामुळे त्या सगळ्या वस्तीला नावं ठेवणं सोपं आहे. तो मोह होत असेल तर हातात मेणबत्ती धरलेल्या त्या माणसांकडे पुन्हा एकदा पाहा.

अनुजचे आईवडील खटल्यासाठी इंग्लंडला गेले. मुलाला मारणाऱ्यासमोर, परक्या भाषेतले जबाब ऐकत ते न्यायालयात बसले. तिथे बसण्यासाठी काय लागलं असेल, याची कल्पना करायला मन तयार होत नाही. माझंही होत नाही. थोडा वेळ तरी प्रयत्न करा, मग सोडून द्या.

अजून वेळ असेल तर शेवटी त्याच्या अभ्यासाजवळ या. अशी मुलं बातमीत येतात ती मरणामुळे, आणि मग तेवढीच उरतात. अनुज मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स शिकत होता: नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर लाखो स्विच कसे बसवायचे, वीज कमी कशी लागेल, उष्णता कशी बाहेर काढायची, याचं शास्त्र. त्याचं पहिलं सत्र नुकतंच झालं होतं आणि सुट्टीनंतर पुढचं सुरू होणार होतं.