शिक्षकाच्या मागचा शिक्षक



अपुल्लोस हा मोठा वक्ता, शास्त्रांत पारंगत. तरीही त्याचे ज्ञान अपुरे होते. प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय १८) आपण वाचतो की, इफिस येथे प्रिस्किल्ला व अक्विल्ला ह्या दांपत्याने त्याचे भाषण ऐकले. पण भरसभेत त्याला टोकले नाही. जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. तंबू शिवून पोट भरणारी ही माणसे एका शिक्षकाची शिक्षक झाली.

सावित्रीबाई फुल्यांनाही अहमदनगरला मिस फरार व पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे मिळाले. घडवणारे हात आपण सहज विसरतो.

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत कितीतरी शाळांतून एक-दोन शिक्षकच सर्व इयत्ता सांभाळतात. हे कसब छात्राध्यापकाला पुस्तकातून येत नाही. वर्गात मागे बसून त्याचा पाठ पाहणारा, चूक एकांतात सांगणारा अनुभवी मार्गदर्शक त्याला हवा. पण त्या मार्गदर्शकाचे एसटीचे भाडे, जेवण, दिवसाचे मानधन कोण देणार? सेवेच्या नावाखाली त्याला फुकट राबवणे हा न्याय नव्हे. कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, ही प्रभूचीच शिकवण आहे.

इमारतीच्या दानाची पाटी लागते; ह्या दानाची लागणार नाही. त्याचे फळ वाडीतल्या एखाद्या मुलीच्या वाचनात दिसेल. म्हणून आपण ऐपतीप्रमाणे मार्गदर्शकाच्या एका फेरीचा तरी भार उचलू या.

प्रभू आपणा सर्वांस उदार अंतःकरण देवो.