तिसऱ्या भागापर्यंत तरी वाच

प्रिय छकुली,



पत्र मिळालं. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' तू वाचून संपवलंस आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर पुस्तक मिटून ठेवलंस, हे वाचून मी लगेच लिहायला बसले. पुढे वाचावंसं न वाटण्याची दोन कारणं तू दिली आहेस. नेड स्टार्कचं डोकं उडवलं तेव्हा ज्याच्या बोटाला धरून इथवर आलो तोच माणूस गेला, हे एक. आणि लेखक मार्टिन ही मालिका पुरी करेल असं कुणालाच वाटत नाही, मग हजारो पानं वाचून हाती काय लागणार, हे दुसरं.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा पहिला भाग १९९६ साली आला, तिसरा २००० साली, चौथा २००५ साली आणि पाचवा २०११ साली. सहावा, 'द विंड्स ऑफ विंटर', अजून यायचा आहे. टीव्हीवरच्या मालिकेने २०१९ साली आपल्यापुरता शेवट करून टाकला, पण तो पुस्तकांचा शेवट नव्हे. तेव्हा तुझं म्हणणं खरं आहे, लोखंडी सिंहासनावर अखेर कोण बसतं ते तुला या पाच भागांत कळणार नाही. मात्र मला ही पुस्तकं मोठी वाटतात ती सिंहासनामुळे नाही. हे सगळं आपण कुणाच्या डोळ्यांनी पाहतोय, या एका प्रश्नावर ती उभी आहेत, आणि त्या प्रश्नाचं काम लिहून झालेल्या पाच भागांत पुरेपूर झालेलं आहे.

पहिल्या भागाची सुरुवात आठव. उत्तरेच्या भिंतीपलीकडच्या जंगलात तीन पहारेकरी जातात. तिथे काय घडतं ते आपण प्रत्यक्ष पाहतो. त्यातला एक जीव घेऊन दक्षिणेकडे पळतो, पकडला जातो, आणि पुढच्याच प्रकरणात पहारा सोडून पळाल्याच्या गुन्ह्यासाठी नेड स्वतःच्या तलवारीने त्याचं शिर उडवतो. ज्याने शिक्षा सुनावली त्यानेच ती हाताने द्यावी, हा नेडचा धर्म. पण ते प्रकरण नेडच्या सात वर्षांच्या मुलाच्या, ब्रॅनच्या, नजरेतून लिहिलेलं आहे. मारण्यापूर्वी त्या माणसाला प्रश्न विचारले गेले, त्याने उत्तरं दिली, आणि ब्रॅनला त्यातलं पुढे फारसं काही आठवत नाही. अख्ख्या राज्याला ज्या साक्षीची गरज होती ती अशी हवेत विरली, कारण आपल्या वतीने ऐकायला तिथे एक थंडीने गारठलेला, घोड्यावरून ते दृश्य पाहणारा पोरगा होता. नेड न्यायी माणूस आहे, आणि त्याच्या हातून पहिल्याच सकाळी एक खरं बोलणारा साक्षीदार मारला जातो. मार्टिन यांना ही मालिका सुचली ती याच प्रकरणापासून. १९९१ साली दुसरीच एक विज्ञान-कादंबरी लिहीत असताना हे दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि हातातलं काम बाजूला राहिलं.

आता पहिल्या भागातली प्रकरणं कुणाकुणाच्या नावाची आहेत ते बघ. सुरुवातीचं पहारेकऱ्यांचं सोडलं तर माणसं आठ. नेड, कॅटलिन, ब्रॅन, सान्सा, आर्या, जॉन हे सहा एकाच घरातले, विंटरफेलचे. टिरियन आणि डेनेरिस तेवढे बाहेरचे. आपण नऊ महिने एखाद्या कुटुंबाकडे भाड्याने राहावं आणि त्यांचे वैरी ते आपले वैरी होऊन जावेत, तसं आपलं होतं. नेडच्या जाण्याने तुला एवढा धक्का बसला तो यामुळेच. आणि जेमी लॅनिस्टरची तुला शिसारी आहे तीही थोडी यामुळेच.

थोडीच म्हणते, कारण ब्रॅनला त्याने बुरुजाच्या खिडकीतून ढकललं हे आपण पाहिलं आहे आणि त्याला माफी नाही. पण त्याच्यावरचा मोठा डाग वेगळा आहे: ज्या राजाच्या रक्षणाची शपथ घेतली त्याच राजाला त्याने मारलं. हे आपल्याला नेडकडून कळतं. नेड नंतरचा राजा रॉबर्ट याला सांगतो की मी घोड्यावरूनच दरबारात शिरलो, राजा एरिस जमिनीवर मरून पडला होता आणि जेमी सिंहासनावर बसला होता, तलवार रक्ताने माखलेली. नेडने तिथल्या तिथे मनाशी निकाल दिला. आपणही दिला. नेड खोटं बोलत नाही, मग शंका घ्यायची कशाला?

तिसरा भाग उघडलास की प्रस्तावनेनंतरचं पहिलंच प्रकरण जेमीचं आहे. दोन भाग ज्याला फक्त इतरांच्या डोळ्यांनी पाहिलं त्याच्या डोक्यात आता आपण बसतो. त्या भागात पुढे हॅरनहॉल किल्ल्याच्या न्हाणीघरात, अंगात ताप असताना, तो ब्रिएन नावाच्या योद्धा स्त्रीला दरबारातला तोच दिवस सांगतो. तेच सिंहासन, तोच मेलेला राजा, तोच दारातून येणारा नेड. काय सांगतो ते मी लिहीत नाही. इतकंच सांगते की नेडने पाहिलेलं सगळं खरं होतं आणि त्याने काढलेला अर्थ अपुरा होता. त्यानंतर जेमी मला आवडू लागला असं नाही. खिडकीतून पडणारा ब्रॅन मनातून जात नाही, जाऊही नये. पण एका नजरेत माणसाचा निकाल लावायची घाई माझ्यापुरती संपली. हे सारांश वाचून होत नाही. आधी दोन भागभर त्याचा मनापासून तिरस्कार करावा लागतो, म्हणून लांबी लागते. हा जाडजूडपणा म्हणजे फाफटपसारा नव्हे.

दुसऱ्या भागातही हे सुरू झालंय, बघ. त्या पहिल्या सकाळी पडलेलं मुंडकं हसत पायाने उडवणारा थिऑन आठवतो? आता त्याच्या नावाची प्रकरणं येताहेत. लहानपणी ओलीस म्हणून आणलेला आणि शत्रूच्या घरात, शत्रूच्या मुलांबरोबर वाढलेला मुलगा तो. मध्ययुगीन युरोपात अशी मुलं खरोखरच ठेवली जात, बापाने बंड केलं तर त्यांच्या मानेवर तलवार. मार्टिन इतिहास भरपूर वाचतात. यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांमध्ये इंग्लंडच्या गादीवरून १४५५ पासून तीसेक वर्षं ज्या लढाया झाल्या, त्यांची सावली स्टार्क आणि लॅनिस्टर या नावांपासूनच दिसते. उत्तरेची ती सातशे फुटी बर्फाची भिंत त्यांना सुचली ती १९८१ साली हेड्रियनच्या भिंतीवर उभं राहून. रोमन साम्राज्याच्या टोकावरच्या शिपायाला पलीकडच्या अंधाराकडे बघताना काय वाटत असेल, असं ते मनात आणत होते. खरी भिंत दगडाची, माणसाच्या दोन-तीन पुरुष उंचीची. बाकीची उंची कल्पनेने चढवली आहे.

एक गोष्ट मात्र वाचताना ध्यानात ठेव. वेस्टेरॉसमध्ये यजमानाच्या घरची भाकरी आणि मीठ पोटात गेलं की त्या छपराखाली पाहुण्याला अभय आणि यजमानालाही अभय. ते अभय मोडणं हे त्या जगातल्या सगळ्यात मोठ्या पापांपैकी एक. तिसऱ्या भागात हे का सांगितलं ते कळेल. वाचून झाल्यावर स्कॉटलंडमधली १४४० सालची 'ब्लॅक डिनर' म्हणून ओळखली जाणारी मेजवानी आणि १६९२ सालची ग्लेन्कोची कत्तल शोधून वाच. आधी नको.

चौथा भाग संथ आहे, आणि तिथे बरेच जण कंटाळतात. चौथ्या आणि पाचव्या भागातल्या घटना बऱ्याचशा एकाच काळातल्या, फक्त मुलखांनुसार वाटलेल्या. त्यामुळे चौथ्यात जॉन, टिरियन, डेनेरिस यांची प्रकरणंच नाहीत. तरीही मला विचारशील तर युद्धाबद्दलची सगळ्यात मोलाची पानं तिथेच आहेत. ब्रिएन लढाईने उजाड झालेल्या नद्यांच्या मुलखातून जात असते. सोबत मेरिबाल्ड नावाचा अनवाणी फिरणारा एक म्हातारा धर्मोपदेशक आणि त्याचा कुत्रा. वाटेत लुटारूंचा विषय निघतो, आणि म्हातारा सांगू लागतो की ही माणसं कुठून येतात. सरदाराने हाक दिली म्हणून कोयता नाहीतर काठीला बांधलेला दगड घेऊन निघालेले शेतकरी, बरोबर भाऊ, मुलगा, शेजारी. कधी गावाबाहेर न पडलेले. मग पहिली लढाई, मग दुसरी, मग उपासमार, हगवण, शेजारी पडलेली ओळखीची माणसं, आणि एके दिवशी पळून जाणं. ऐकणारा अखेर त्याला एक साधा प्रश्न विचारतो आणि कळतं की हे तो कुणाबद्दल बोलत होता. मार्टिन यांनी तरुणपणी व्हिएतनाम युद्धात लढायला सद्सद्विवेकबुद्धीच्या आधारे नकार दिला होता आणि त्याऐवजी समाजसेवेची सरकारी योजना पत्करली होती. ती दोन-तीन पानं वाचताना मला हे सारखं आठवतं. अशा मालिकांत किल्ले आणि राजे सगळेच लिहितात. त्या राजांसाठी काठीला दगड बांधून निघालेल्या माणसाला इतकी जागा देणारे थोडे.

तू आता कॉलेजात आहेस म्हणून हेही लिहिते. या पुस्तकांत बायकांवरचे अत्याचार फार आहेत, आणि डेनेरिसचं लग्न लावून देतात तेव्हा ती तेरा वर्षांची आहे. तो काळच तसा होता, हे म्हणणं मला काही ठिकाणी पटतं, काही ठिकाणी लेखकाचा हात सैल सुटला आहे असंच वाटतं. एखादं पान वाचवलं नाही तर उलटून पुढे जा. त्याने काही बिघडत नाही. दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. पाच भागांत इतक्या जणांना आपापली प्रकरणं मिळाली, पण समुद्रापलीकडच्या डोथ्राकी टोळीतल्या एकालाही नाही, आणि तिथल्याच मीरीन शहरात गुलामीतून सुटलेल्यांपैकी कुणालाही नाही. म्हणून समुद्रापलीकडची माणसं गर्दीसारखी दिसतात. ज्या लेखकाने नजर बदलली की माणूस बदलतो हे शिकवलं, त्याने ही माणसं फक्त परक्यांच्या नजरेतून दाखवावीत, ही उणीवच आहे. वाचताना तू त्यांच्या बाजूने विचार करून बघ.

नावांचा गोंधळ होतो म्हणालीस. शेवटी प्रत्येक घराण्याची यादी दिलेली असते, तिथे खूण घालून ठेव. नेटवर नाव शोधायला जाऊ नकोस, पहिल्याच ओळीत तो माणूस कधी मेला ते कळतं. आणि या वाचनाबरोबर इरावती कर्वे यांचं 'युगान्त' घे. गांधारी, कुंती, कर्ण अशा एकेका व्यक्तीपाशी थांबून त्यांनी महाभारताकडे पाहिलं आहे. दोन्ही एकाच महिन्यात वाचलीस तर तुला आणि मला बोलायला पुष्कळ विषय होतील.

तिसरा भाग, 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स', पेपरबॅकमध्ये 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड' अशा दोन पुस्तकांत मिळतो. घेताना दोन्ही एकदम घे, मध्ये थांबवणार नाही. न्हाणीघराचं प्रकरण वाचून झालं की नेड आणि जेमी यांच्यातलं तुला कोण बरोबर वाटतं ते मला सविस्तर लिही.

तुझी,
मावशी