फॅक्टरीच्या गेटवरून

"मामा, शेअर दोन रुपयांचाच आहे. पडून पडून किती पडणार?"

भाच्याचं हे वाक्य डोक्यातून जात नाही. तो बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीनवर आहे. गुंजीहून जाऊन-येऊन करतो आणि येता-जाता मोबाईलवर शेअरचे ग्रुप वाचतो. गुंजी घ्या, खानापूर घ्या, लोंढा घ्या, पंचविशीतल्या पोरांच्या तोंडी सध्या हाच विषय आहे. दोनाचा एक झाला काय आणि दोन हजाराचे हजार झाले काय, निम्मे पैसे गेलेच. हा हिशोब त्यालाही येतो, तो उगाळण्यात अर्थ नाही. मला डाचतं ते हे की वाक्य त्याचं स्वतःचं नाही. कुणीतरी ते त्याच्या हातात ठेवलं, आणि ठेवणाऱ्याकडे त्या वेळी विकायला किती शेअर होते, हे त्यानं विचारलं नाही.

ग्रुपवर काही आलं की लोक विचारतात, खरं की खोटं? माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. आधी हे विचारावं की बोलणाऱ्याचं यात काय अडकलंय, आणि जे अडकलंय ते उघड आहे की झाकलेलं. उघड स्वार्थाची मला भीती वाटत नाही. आमच्या वडिलांबरोबर मी बैलबाजारात जायचो. तिथला हेड्या बैलाची तारीफ करून थकायचा नाही. भाव ठरायचा रुमालाखाली, बोटं दाबून, म्हणजे तो इतरांना कळायचा नाही. पण हेड्याला दोन्हीकडून दलाली मिळते, हे बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. म्हणून वडील त्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग बैलाचा जबडा उघडून दात मोजायचे. दोनदाती, चारदाती की जुळलेला, ते स्वतः बघायचे. शिंगं साळून तेल लावलेलं असेल तर बोट फिरवून ओळखायचे. पैसे निघायचे ते बैल चालवून बघितल्यावर. हेड्यालाही त्यात अपमान वाटत नसे. तारीफ हे त्याचं काम आणि दात मोजणं हे घेणाऱ्याचं, इतकं ते स्वच्छ होतं.

ग्रुपचा ॲडमिन मात्र म्हणतो, मी फुकट सांगतो, मला काही नको. इथं मी सावध होतो. बाजार नियामक सेबीनं 2 मार्च 2023 रोजी साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत जो अंतरिम आदेश काढला, तो यासाठी वाचण्यासारखा आहे. यूट्यूबवरच्या व्हिडिओंमधून सांगितलं गेलं की अदानी समूह ही कंपनी घेणार आहे. बातमी खोटी होती. भाव वर गेला, लोक धावले, आणि धावणाऱ्यांना ज्यांनी शेअर विकले त्यांच्यात कंपनीचे काही प्रवर्तकही होते. छोट्या भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली. सेबीनं 31 जणांना बाजारातून बाहेर काढलं. कारवाई महत्त्वाची आहेच, पण मी पुन्हा पुन्हा जातो त्या दोन आकड्यांकडे. असे आकडे लपलेले नसतात. दर तिमाहीनंतर कंपनीला भागधारकांचा तक्ता एक्सचेंजला द्यावा लागतो, तो बीएसईच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो. प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय आणि दोन लाखांच्या आतले भागधारक फुगतायत, असं त्यात दिसलं, तर ग्रुपवर कितीही उत्साह असो, कोण विकतंय आणि कोण घेतंय हे कळलं. हेच दात. पण तक्ता तिमाही संपल्यावर येतो आणि खेळ तोवर आटोपलेलाही असू शकतो, ही त्याची मर्यादा.

भाच्याचं उत्तर तयार होतं. "मोठ्यांना सांगायला मोठे ब्रोकर आहेत. आम्हाला कोण सांगणार? ग्रुपात निदान आपल्यासारखी माणसं तरी आहेत."

या म्हणण्यातलं दुःख मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. एकतर माणसं आहेत की एकच माणूस आहे, हेच कळत नाही. सन 2000 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकानं न्यू जर्सीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचं प्रकरण मिटवलं. तो आधी अगदी हलके शेअर घ्यायचा, मग याहूच्या चर्चेच्या पानांवर वेगवेगळ्या नावांनी शेकडो मेसेज टाकायचा, आणि भाव चढला की विकून मोकळा. त्याच्याकडून 2,85,000 डॉलर वसूल झाले. वाचणाऱ्यांना ती गर्दी वाटत होती, आणि लिहिणारा एकटा होता. आज टेलिग्रामच्या चॅनलवर तर तेवढेही कष्ट लागत नाहीत. तिथं बोलतो फक्त ॲडमिन, आणि चुकलेला अंदाज तो पुसूनही टाकतो.

दुसरं, घेताना जितकं सोपं तितकं विकताना नसतं. खालच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला, लागलेला शेअर सकाळी सव्वानऊला उघडून बघा. विकणाऱ्यांच्या बाजूला लाखोंचा आकडा, घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. तुमची ऑर्डर रांगेत, आणि रांग पुढं सरकत नाही. रोज पाच टक्क्यांनी दहा दिवस असं गेलं की शंभराचे साठ उरतात, आणि या दहा दिवसांत तुम्ही काहीच करू शकत नाही. 'पडून पडून किती' या प्रश्नाचं उत्तर त्या रांगेत मिळतं.

एवढं झाल्यावर मी त्याला सांगणार होतो, सगळे ग्रुप सोड. पण त्यानं मोबाईल पुढं केला आणि एका ग्रुपवरचा जुना मेसेज दाखवला. कुणीतरी लिहिलं होतं: "कंपनीचा पत्ता आमच्या गल्लीतला आहे. आज जाऊन आलो. खाली झेरॉक्सचं दुकान, वर कुलूप, बोर्डपण नाही." त्याखाली शिव्यांचा पाऊस. कुणी त्याला दलाल म्हटलं, कुणी भित्रा. नंतर त्याला काढून टाकल्याची ओळ होती.

तेव्हा माझं मत हललं. हा मेसेज मला बीएसईच्या साइटवर मिळाला नसता. एका गल्लीतला माणूस दुसऱ्या गावातल्या माणसाला डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, हे काम ग्रुपशिवाय कुणी करणार नाही. आणि माझ्या लाडक्या कसोटीवरही हा माणूस उतरतो. अशा शेअरमध्ये बहुतेक वेळा फ्युचर्स नसतात. शेअर 'ट्रेड टू ट्रेड' गटात असला तर आज विकून आजच परत घेण्याची सोयही नसते. म्हणजे भाव पाडून कमवायचा रस्ता जवळपास बंद. चांगलं बोलणाऱ्याला विकायचं असू शकतं, वाईट बोलणाऱ्याला मात्र त्यातून मिळवण्यासारखं फार थोडं असतं. म्हणून वाईट मेसेजचं वजन मी जास्त धरतो. ग्रुप वाचायचाच तर अशा मेसेजसाठी वाचावा, आणि तो लिहिणाऱ्याचं पुढं काय झालं ते बघावं. ज्या ग्रुपात तो अजून टिकून आहे, तिथं थांबायला माझी हरकत नाही.

उद्यमबागेतली पोरं तर यात फार उपयोगाची. कुठल्या फाउंड्रीसमोर ट्रक उभे राहतात आणि कुठल्या गेटवर नुसता वॉचमन असतो, ते त्यांना रोज दिसतं. आपल्याच कंपनीतलं आतलं, अजून जाहीर न झालेलं सांगायला सेबीच्या 2015 च्या नियमांनी मनाई आहे, ते करू नये. पण रस्त्यावरून जे दिसतं ते सगळ्यांचं आहे. आणि हीच पोरं, जे रोज डोळ्यांनी बघतात त्यावर गप्प राहून, कुठल्यातरी न पाहिलेल्या कंपनीबद्दल अनोळखी ॲडमिनला विचारत बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाच्याला हे पूर्ण पटलेलं नाही. "स्वस्तात घ्यायचा असेल तरी कुणी वाईट लिहीलच की," तो म्हणाला. बरोबर आहे त्याचं. तेवढ्यासाठी त्या गल्लीत एकदा जाऊन यावं लागेल, किंवा तिथल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल.