पोथी पाठ असते तेव्हा

नर्सीच्या देवळात एकादशीला हरिपाठ चाललेला असतो. हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधूकाठचं हे गाव म्हणजे संत नामदेवांचं जन्मस्थान. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, पंढरपूरहून फिरलेले वारकरी इथे येतात आणि गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत एखाद्या म्हाताऱ्या माळकऱ्याकडे जरा निरखून पाहावं. मांडीवर पोथी उघडी, बोट ओळीवरून सरकतंय, पानही वेळेवर उलटलं जातंय. बघणाऱ्याला वाटतं, आजोबा वाचताहेत. पण त्यांना सगळं तोंडपाठ आहे. अक्षरं पुसट होऊन कदाचित दोन-तीन वर्षं झाली असतील, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसेल.

आपल्या खेड्यांत नजर जाते ती अशी, बोभाटा न होता. अंगणातून गोठ्यापर्यंतची वाट पायांना ठाऊक असते, चुलीची जागा हातांना. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: “वय झालं बाबा, आता काय बघायचं राहिलंय?” मला या उत्तराचं फार वाईट वाटतं. कारण ते खरं नाही. नातवाचा चेहरा बघायचा राहिलेला असतो. विठ्ठलाचंही सावळं रूप आता नुसती सावली झालेलं असतं.

2015 ते 2019 या काळात देशभर जे राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यात पन्नाशीपुढच्या दर 100 अंध माणसांमागे सुमारे 66 जणांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे तिघांपैकी दोघांची नजर गेली ती अशा आजाराने, ज्यावर इलाज आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. आपल्याच मराठवाड्यातले, लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या हातून एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या; 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सर्जन आहेत, औषध आहे, डोळ्यात बसवायचं भिंग आहे. मग अडतं कुठे? बहुतेक वेळा घराच्या उंबऱ्यावर.

“पिकू द्या, मग काढू,” हे अजून ऐकू येतं. पूर्वी डोळ्यातलं भिंग अख्खं बाहेर काढत, तेव्हा मोतीबिंदू पिकायची वाट पाहिली जाई. आता छोट्या छेदातून काम होतं आणि नवं भिंग बसतं. जास्त पिकलेला मोतीबिंदू उलट कठीण होतो, कधी डोळ्यातला दाबही वाढवतो. “थंडीत करू” हेही तसंच, ऋतूचा इथे काही संबंध नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण सोबतीची. सोयाबीन काढणीला आलं, हळद शिजवायची आहे, आजीबरोबर हिंगोलीला जायचं कुणी? आजी स्वतःहून म्हणणार नाही. घरातल्या बाईचं दुखणं शेवटी निघतं, आणि डोळा तर दुखतही नाही.

म्हणून मला वाटतं, तपासणी माणसं जमतात तिथे गेली पाहिजे. नर्सीला दर एकादशीला माणसं आपणहून येतात. देवळाच्या ओवरीत सहा मीटर दोरी मोजायची, एका टोकाला तक्ता टांगायचा, दुसऱ्या टोकाला आजीला बसवायचं. तक्त्यावर इंग्रजी ई वेगवेगळ्या बाजूंना तोंड करून असतो. त्याचे दाते कुठे वळलेत ते बोटांनी दाखवायचं, अक्षरओळख लागत नाही. आधी एक डोळा तळहाताने झाकायचा, न दाबता, मग दुसरा. हा एका डोळ्याचा नियम फार मोलाचा, कारण चांगला डोळा अधू डोळ्याचं काम वर्षानुवर्षं गुपचूप करत राहतो. पोथी मात्र वाचायला देऊ नये. ती पाठ असते. आशाताई, अंगणवाडीताई किंवा बारावीतली एखादी मुलगी हे थोड्या सरावाने करू शकते. निदान डॉक्टरांनी करायचं. कुणाला दिसत नाही एवढं शोधायचं काम गावाचं.

नामदेवांचं घराणं शिंप्यांचं. त्यांच्या गावात जवळच्या नजरेची पारख सुई-दोऱ्यानेही करता येईल. चाळिशीनंतर सुईत दोरा जाईना झाला, तर बहुधा साधा चष्मा पुरतो. तेवढ्यासाठी कितीतरी बायांनी शिवणकाम आणि निवडणं-टिपणं सोडून दिलेलं असतं.

काचबिंदूचं मात्र तसं नाही. त्याने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते. घरात कुणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी तपासून घ्यावं; साखर असेल त्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखवावा. मळणीयंत्रावर डोळ्यात कुसळ गेलं तर मध, दूध, एरंडेल काही घालू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. आणि वर्गात शेजारच्याच्या वहीत बघून फळ्यावरचं उतरवणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्या तक्त्यासमोर उभं करावं.

तपासणीत सापडलेल्यांची यादी मोठी असायची गरज नाही. नाव, कोणता डोळा, गाडी कोणत्या दिवशी, आणि सोबत कोण जाणार, एवढे चार रकाने पुरेत. चौथा रकाना रिकामा असेल तर भजनी मंडळातल्या कुणीतरी तिथे आपलं नाव घालावं. ऑपरेशन झाल्यावर आठवडा-दोन आठवडे नव्हे, सांगतील तितके दिवस थेंब वेळेवर पडले पाहिजेत. महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर काढायला पुन्हा न्यावं लागतं. शिबिराचे फोटो निघतात आणि हे दुसरं नेणं राहून जातं. तेव्हा चष्मा डोळ्यावर चढेपर्यंत यादीतलं नाव खोडू नये.