योसेफचा निर्णय

बायबलमध्ये पराक्रम गाजवणारे पुरुष पुष्कळ आहेत. गल्याथला लोळवणारा दावीद आहे, नुसत्या हातांनी सिंह फाडणारा शमशोन आहे. मला मात्र नासरेथचा सुतार योसेफ जास्त मोलाचा वाटतो. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही!

मरीयेशी त्याचा वाङ्निश्चय झालेला, आणि लग्नाआधीच ती गरोदर असल्याचं कळलं. नियमशास्त्र त्याच्या बाजूनं होतं. त्यानं चारचौघांत तिची अब्रू काढली असती, तर तिच्या जिवावरही बेतलं असतं. शुभवर्तमानात मत्तय सांगतो, योसेफ नीतिमान होता. त्यानं तिला गुपचूप सोडायचं ठरवलं. लक्षात घ्या, देवदूत स्वप्नात आला तो यानंतर. म्हणजे अपमान गिळून तिला जपायचं, हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं. दुखावलेला पुरुष एरवी काय काय करतो, ते आपण रोज पेपरात वाचतोच.

पुढे देवदूताच्या सांगण्यावरून त्यानं मरीयेला घरी आणलं. राजा हेरोद तिच्या बाळाच्या, येशूच्या जिवावर उठला, तेव्हा मायलेकरांना घेऊन रातोरात मिसर देश गाठला. परतल्यावर नासरेथला बिऱ्हाड केलं. सुतारकी त्यानंच येशूला शिकवली असावी, कारण मार्कच्या शुभवर्तमानात लोक येशूलाही सुतारच म्हणतात.